येरवड्याच्या कैद्याची भेट

आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटली की घरोघरी एक हिशेब सुरू होतो. घराला रंग, मुलांना कपडे, गोठ्यासाठी नवे पुतळे, दारावर चांदणी, नातलगांना भेटवस्तू, शेजाऱ्यांना फराळ. ज्यांचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, त्यांनाही हा हिशेब चुकत नाही. काही घरांत त्यासाठी उसनवारी होते आणि ती फेडता फेडता उपवासकाळ उजाडतो. काही घरांत आईवडील मुलांसमोर ओशाळतात, कारण शेजारच्या घरातील झाड अधिक झगमगते. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाचा सण साजरा करताना गरिबीची लाज वाटावी, ही गोष्ट आपणा सर्वांना अंतर्मुख करणारी आहे.

म्हणूनच यंदा सजावट आणि भेटवस्तू या विषयावर लिहिताना बाजारातील स्वस्त वस्तूंची यादी देण्याऐवजी एका माणसाचे चरित्र सांगावे, असे आम्हांला वाटले. हा माणूस ख्रिस्ती नव्हता. परंतु प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने तो तरुणपणीच भारावला होता. हाताने वस्तू बनवून ती प्रेमाने देणे म्हणजे काय, हे तो जन्मभर शिकत राहिला. आणि त्याच्या आयुष्यातील काही वर्षे आपल्या पुण्यातील येरवड्यात, तुरुंगाच्या उंच भिंतींआड गेली. आम्ही महात्मा गांधींविषयी बोलत आहोत.

परत केलेला हार

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि १८९३ साली वकिलीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे पुढे त्यांनी घरखर्च कमी करण्याचा निश्चय केला आणि धोब्याचे काम स्वतः करायला घेतले. त्यांनी पहिल्यांदा धुऊन इस्त्री केलेली कॉलर घालून ते न्यायालयात गेले, तेव्हा तिच्यावरील जादा खळीची पूड झडत होती. सहकारी वकील खो खो हसले. गांधीजींनी ते हसू आनंदाने स्वीकारले आणि धुणे चालूच ठेवले. घरी केलेली चांदणी पहिल्या वर्षी वाकडी झाली म्हणून खट्टू होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग सांगण्यासारखा आहे.

भेटवस्तूंविषयीचा त्यांचा पहिला मोठा धडा मात्र कडू होता. १९०१ साली ते भारतात परतायला निघाले, तेव्हा तेथील हिंदी समाजाने त्यांच्यावर सोन्याचांदीच्या आणि हिऱ्यांच्या भेटींचा वर्षाव केला. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही. लोकसेवेचे मोल घ्यायचे नसते, असे त्यांच्या मनाने घेतले. सर्व दागिने सार्वजनिक कार्यासाठी विश्वस्तांकडे सोपवायचे त्यांनी ठरवले आणि आधी मुलांना आपल्या बाजूला वळवले.

कस्तुरबा सहजासहजी तयार झाल्या नाहीत. उद्या सुना येतील, त्यांना काय द्यायचे, असे त्यांनी विचारले. तुमची सेवा ही माझीही सेवा नव्हे का, तुमच्यासाठी रात्रंदिवस मी राबले नाही का, हा त्यांचा प्रश्न तर बिनतोड होता. आपण त्यांची संमती कशीबशी मिळवली, अशी कबुली गांधीजींनी आत्मचरित्रात दिली आहे. हार गेला. तत्त्व उंच होते, परंतु त्याची किंमत पत्नीच्या डोळ्यांतील पाण्याने चुकती झाली, हेही आपण विसरू नये. साधेपणा स्वतःसाठी स्वीकारणे हे व्रत आहे. तो दुसऱ्यावर लादणे ही वेगळी गोष्ट आहे. या हाराकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मठातून आलेली विद्या

हाताच्या श्रमाची प्रतिष्ठा गांधीजींना जेथे जवळून पाहायला मिळाली, त्या ठिकाणांत एक कॅथलिक मठही होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. नाताळ प्रांतातील पाइनटाउनजवळ मारियानहिल येथे ट्रॅपिस्ट संन्याशांचा मठ होता. फ्रान्झ फानर या ऑस्ट्रियन मठाधिपतींनी तो १८८२ साली स्थापला होता. १८९५ साली तरुण गांधीजींनी या मठाला भेट दिली आणि त्याविषयी लंडनच्या एका शाकाहारविषयक नियतकालिकात लेख लिहिला. मौन पाळणारे, मांस वर्ज्य करणारे, प्रार्थनेबरोबर दिवसभर राबणारे ते संन्यासी पाहून ते प्रभावित झाले. तेथील कार्यशाळांत नाना तऱ्हेचे हस्तव्यवसाय चालत आणि स्थानिक आफ्रिकी मुलांना ते शिकवले जात. त्या देशात रंगभेद पदोपदी जाणवत असताना मठात मात्र तो त्यांना आढळला नाही.

पंधरा वर्षांनी त्या भेटीला फळ आले. १९१० साली गांधीजींचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गजवळची आपली सुमारे अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहण्यासाठी दिली. तिचे नाव टॉलस्टॉय फार्म. तेथे नोकर नव्हते. सुतारकामापासून स्वयंपाकापर्यंत सर्व कामे स्वतः करायची होती. चपला कशा बनवायच्या, हे शिकण्यासाठी कॅलनबाख मारियानहिलच्या मठात गेले. संन्याशांकडून ती विद्या घेऊन ते परतले, त्यांनी ती गांधीजींना शिकवली आणि गांधीजींनी इतरांना. अशा रीतीने एका मठाच्या कार्यशाळेतील कौशल्य एका हिंदू बॅरिस्टराच्या हातांत आले.

त्या हातांनी पुढे एक जोड घडवला, जो जगप्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतील सरकारचे मंत्री जनरल स्मट्स हे गांधीजींचे प्रतिस्पर्धी. त्यांच्याच सरकारने गांधीजींना तुरुंगात टाकले होते. तुरुंगात असताना गांधीजींनी स्मट्स यांच्यासाठी चपलांचा जोड तयार केला आणि सुटकेनंतर तो त्यांना भेट दिला. १९१४ साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिका कायमची सोडली. स्मट्स यांनी त्या चपला अनेक उन्हाळे वापरल्या. १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांनी त्या आदराने परत पाठवल्या. एवढ्या थोर माणसाच्या चपलांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, अशी भावना त्यांनी लिहून ठेवली. शत्रूसाठी प्रार्थना करा, ही शिकवण आपण दरवर्षी मंदिरात ऐकतो. शत्रूच्या पायाचे माप ध्यानात घेऊन त्याच्यासाठी चामडे शिवत बसणे, हे त्या शिकवणीचेच एक रूप नव्हे काय?

ज्यांच्याकडे सर्व काही आहे त्यांना काय द्यावे, हा प्रश्न गांधीजींसमोर पुढेही आला. नोव्हेंबर १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह ठरला. गांधीजींजवळ तेव्हा स्वतःचे असे काहीच उरले नव्हते. त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे एक जाळीदार आच्छादन विणून घेण्यात आले आणि तेच राजघराण्याला आहेर म्हणून गेले. वधूच्या आजी राणी मेरी यांना ते पंचा वाटले आणि त्या नाराज झाल्या, असे सांगतात. हाताने केलेल्या भेटीला हा धोका नेहमीच असतो. देणाऱ्याने तो पत्करावा.

येरवडा मंदिर

आता आपण येरवड्यात येऊ. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयाने गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना येरवडा कारागृहात आणण्यात आले. वाचन आणि सूतकताई हा त्यांचा दिनक्रम झाला. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास सांगायला त्यांनी येथेच प्रारंभ केला. जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाच्या दुखण्यामुळे ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली.

मिठाच्या सत्याग्रहानंतर मे १९३० मध्ये ते पुन्हा येथे आले. या वेळी त्यांनी तुरुंगाला येरवडा मंदिर असे नाव दिले. दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर ते साबरमतीच्या आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. गरज नसलेली वस्तू जवळ बाळगणे हीदेखील एक प्रकारची चोरीच आहे, असा विचार त्यांनी त्या पत्रांत मांडला. ही पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची कन्या असलेल्या मीराबेन यांना आश्रमातील प्रार्थनांचा अर्थ कळावा, म्हणून त्यांनी याच कारावासात संस्कृत श्लोक आणि देशी भाषांतील भजने इंग्रजीत उतरवली. ज्या कैद्याच्या खिशात दमडी नव्हती, त्याने लेखणी आणि वेळ एवढ्या भांडवलावर या भेटी दिल्या. पेटीत मिटवून हातात नेता येईल अशा छोट्या चरख्याचे रूपही याच काळात सुधारत गेले. तो आजही येरवडा चक्र या नावाने ओळखला जातो.

त्या वर्षी काही महिने काकासाहेब कालेलकर त्यांच्यासोबत होते. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेबांनी लिहून ठेवलेल्या दोन आठवणी आपल्या विषयाला अगदी जवळच्या आहेत. कापूस पिंजण्याच्या धनुकलीच्या तातीला चोळण्यासाठी कडुलिंबाची चार-पाच पाने लागत. काकासाहेब अख्खी डहाळी तोडून आणीत. गांधीजींना ते रुचले नाही. झाडाची क्षमा मागून, लागतील तेवढीच पाने खुडावीत, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरी आठवण दातवणाची. काकासाहेब रोज नवी काडी घेत. गांधीजींनी सुचवले की वापरलेले टोक कापून टाकावे आणि उरलेली काडी दुसऱ्या दिवशी घ्यावी. भोवती कडुलिंब भरपूर होता, तरीही ती काडी अगदी आखूड होईपर्यंत वापरली जाई. झाडे भरपूर आहेत म्हणून ओरबाडण्याचा अधिकार मिळत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. नाताळची सजावट करताना हिरव्या फांद्या तोडणाऱ्या आपल्या हातांनीही तो ध्यानात ठेवावा.

लोकरीचे कुत्रे आणि रद्दीचे लिफाफे

जानेवारी १९३१ मध्ये गांधीजी सुटले आणि त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. तेथे ते एखाद्या आलिशान हॉटेलात न राहता पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतील किंग्जली हॉल या सेवाकेंद्रात राहिले. २ ऑक्टोबरला त्यांच्या वाढदिवशी त्या वस्तीतील बालवाडीच्या मुलांनी त्यांना भेटी दिल्या: लोकरीचे दोन कुत्रे, तीन गुलाबी मेणबत्त्या, एक पत्र्याची थाळी, एक निळी पेन्सिल आणि थोड्या जेलीच्या मिठाया. ज्याने हिऱ्यांच्या अंगठ्या परत केल्या होत्या, त्याने ही खेळणी मात्र जपून भारतात आणली.

परतताना डिसेंबरमध्ये ते रोमला थांबले. व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलमध्ये क्रुसावरील प्रभूच्या मूर्तीसमोर ते बराच वेळ निःशब्द उभे राहिले. १९३१ सालचा नाताळ त्यांनी पिल्स्ना नावाच्या जहाजावर काढला आणि त्या दिवशी सहप्रवाशांच्या आग्रहावरून प्रभू येशूविषयी विचार मांडले. २८ डिसेंबरला जहाज मुंबईस लागले. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे त्यांना अटक झाली आणि नाताळच्या बाराव्या दिवसाच्या आत ते पुन्हा येरवड्यात होते.

या वेळी सरदार वल्लभभाई पटेल त्यांच्यासोबत होते आणि मार्चमध्ये महादेवभाई देसाईही आले. महादेवभाईंच्या रोजनिशीमुळे त्या बराकीतील जीवन आपल्याला दिसते. रद्दी कागद जमवून त्यांचे लिफाफे करण्याचा उद्योग सरदारांनी आरंभला होता. पुढे ज्यांनी शेकडो संस्थाने भारतात विलीन केली, ते हात येरवड्यात आलेल्या पत्रांची पाकिटे उलटी करून चिकटवीत होते. येथूनच गांधीजींची असंख्य पत्रे देशभर जात. सप्टेंबर १९३२ मधले उपोषण आणि पुणे करार यांमुळे त्या वर्षीचे येरवडा इतिहासात अजरामर झाले. मात्र, त्या मोठ्या घटनेच्या मागे कातणारे, चिकटवणारे, जुन्या कागदाची पाठकोरी बाजू वापरणारे छोटे छोटे श्रम अखंड चालू होते.

हाराच्या बदल्यात साडी

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुन्हा येरवड्यात आणले गेले. या वेळी कारागृहात नव्हे, तर नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेसमध्ये. सोबत कस्तुरबा, महादेवभाई, मीराबेन, सरोजिनी नायडू ही मंडळी होती. आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, महादेवभाईंचे हृदयविकाराने निधन झाले. पुढे कस्तुरबांची प्रकृतीही खालावत गेली आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी पतीच्या सान्निध्यात प्राण सोडला. साठ वर्षांहून अधिक काळाचा संसार संपला.

अखेरच्या यात्रेसाठी त्यांना जी साडी नेसवली, ती गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची होती. अनेक दिवस बोटांतून निघालेला एकेक धागा त्या साडीत होता. १९०१ साली सोन्याचा हार गमावून रडलेल्या स्त्रीच्या अंगावर शेवटी पतीच्या हातचे सूत होते. त्या साडीने हाराची भरपाई झाली, असे आम्ही म्हणणार नाही. कस्तुरबांच्या त्यागाचा हिशेब आपण कोण करणार? परंतु गांधीजींनी त्यांच्याकडून घेतले ते सोने होते, आणि त्यांना दिले ते स्वतःच्या आयुष्याचे तास होते. सोने पुन्हा मिळवता येते. गेलेला तास कोणालाही परत मिळत नाही, म्हणून जो तो दुसऱ्यासाठी खर्च करतो, तो स्वतःचा अंशच देऊन टाकतो.

मे १९४४ मध्ये गांधीजींची सुटका झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. आगाखान पॅलेस १९६९ साली गांधीजींच्या स्मरणार्थ राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याच्या आवारात कस्तुरबा आणि महादेवभाई यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. नाताळच्या सुट्टीत मुलांना तेथे अवश्य न्यावे.

यंदाचा आपला गोठा

हे चरित्र वाचून आपण घरी काय करू शकतो? पहिली गोष्ट म्हणजे विकत आणण्यापूर्वी घरात काय आहे ते पाहावे. जुने गोणपाट चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले की गोठ्यामागचे डोंगर तयार होतात. वर्तमानपत्राचा लगदा आणि कणकेची खळ यांतून गव्हाणी, मेंढरे आणि मेंढपाळ घडवता येतात. गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी फांद्या तोडण्याची गरज नाही. नारळाच्या करवंटीत किंवा पसरट ताटलीत मातीवर गहू अथवा नाचणी दहा-बारा दिवस आधी पेरली की नाताळपर्यंत कोवळे अंकुर डोलू लागतात. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांची चांदणी घरातील सर्वांनी मिळून करावी. ती थोडी वाकडी झाली, तर खळीची कॉलर आठवावी.

भेटींचेही तसेच. जुन्या लग्नपत्रिका आणि शुभेच्छापत्रे उलटी करून सुंदर लिफाफे होतात. आत विकतचे कार्ड न घालता स्वतःच्या अक्षरातले पत्र घालावे. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे डब्यात घालून, तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मोठ्यांनी वितळवावेत, थेट आचेवर ठेवू नयेत. सुती वात घालून ते वाटीत ओतले की नवी मेणबत्ती तयार. आजीच्या जुन्या साडीची गोधडी, पत्र्याच्या डब्यात लावलेले कढीपत्त्याचे रोप, आईच्या हातच्या पाककृती उतरवून काढलेली वही, या भेटींना दुकानात किंमत नाही. आणि ज्याला काहीच बनवता येत नाही, त्याने आपला वेळ द्यावा. शेजारच्या एकट्या आजोबांना मध्यरात्रीच्या मिस्साला हात धरून नेणे, हीसुद्धा भेटच आहे. ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे, त्याच्यासाठी काही केले तर ती स्मट्स यांच्या चपलांच्या पंक्तीत बसेल.

मात्र एक पथ्य पाळावे. काटकसरीचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून करावा. मुलाच्या हातातील खेळणे हिसकावून त्याला साधेपणा शिकवता येत नाही. कस्तुरबांच्या हाराने हा धडा आपल्याला दिला आहे.

पूर्वेच्या मागींनी सोने, ऊद आणि गंधरस आणला. मेंढपाळांनी काय आणले, हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. ते रात्रीची झोप सोडून धावत आले, एवढेच आपल्याला कळते. बाळ येशूला त्या रात्री जी पहिली भेट मिळाली, ती त्यांच्या वेळेची होती. यंदाच्या नाताळात आपल्या सर्वांच्या घरी अशीच भेट पोहोचो, हीच प्रार्थना. सर्व बंधुभगिनींना नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा!